‘गॅस’ नेमका घाटी चढतानाच कसा होतो?

देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून एका सुनेचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून मजकूर थोडक्यात असा: सासरे ६१ वर्षांचे. नवरा नोकरीला डोंबिवलीत; ही गावी सासू-सासरे आणि दोन मुलांसोबत. एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत चढणीची घाटी आहे. दुसरी वाट सड्यावरून, म्हणजे वरच्या पठारावरून, पण ती लांबची. तिथे शाळेपर्यंत रिक्षा येते आणि पुढे दहा मिनिटं सपाट पायवाट. मिरग सरल्यापासून सासऱ्यांना घाटी चढताना छातीत जड होतं. मग ते बसतात, खिशातला ओवा चावतात, बरं वाटलं की उठतात. विचारलं तर म्हणतात, ‘ता काय नाय गो, गॅस हा.’ चार वर्षांपूर्वी बीपी निघालं, गोळी सुरू झाली. ती ते डोकं जड झालं की घेतात. गेल्या महिन्यात शिबिरात बीपी १६८/९६ आलं, ईसीजी मात्र ‘नॉर्मल’. मुलगा मुंबईला नेईल या भीतीने त्यांनी सुनेला शपथ घातली आहे: ‘झिलाक सांगू नको, चवथ होवंदे.’ (मुलाला सांगू नको, गणपती होऊन जाऊ देत.) शपथ मोडावी का, ईसीजी चांगला असताना घरादाराला घोर लावावा का, आणि जेवणातलं खोबरं बंद करावं का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

ताई,

तुमच्या पत्रात शपथेवर दीड पान आहे आणि फणसावर एकच ओळ. ती ओळ मी तीनदा वाचली. ‘आधी ते वर ब्राह्मणदेवाच्या चौथऱ्यापाशी थांबत, आता खालच्या फणसाकडेच बसतात,’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. चौथरा ते फणस किती पायऱ्या असतील? पन्नास? साठ? दीड-दोन महिन्यांत तेवढी चढण बाबांच्या हातून गेली. शिबिरातल्या ईसीजीच्या पट्टीपेक्षा मला तो फणस जास्त बोलका वाटतो.

गॅस बसल्या जागीही होतो. रात्री वडे हाणून आडवं झाल्यावर होतो, काहीही न करता होतो. चढण कुठली आणि उतार कुठला, हे त्याला कळत नाही. जे जडपण चढणीला येतं, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत ओसरतं आणि जेवून लगेच निघालं तर आणखी लवकर गाठतं, त्याला अंजायना म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय, असा त्याचा अर्थ. लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी १७६८ साली या दुखण्याचं वर्णन तिथल्या वैद्यांपुढे वाचलं, तेव्हा चढण आणि जेवणानंतरचं चालणं या दोन्हींचा त्यांनी मुद्दाम उल्लेख केला होता. माणूस उभा राहिला की त्रास नाहीसा होतो, हेही सांगितलं होतं. तेव्हा ईसीजी नव्हता, बीपीचं यंत्र नव्हतं. रोग्याला नीट विचारलं, एवढंच.

मग ओव्याने बरं कसं वाटतं? ओवा चावायला बाबा बसतात म्हणून. बसल्यावर हृदयाचं काम कमी होतं, दुखणं ओसरतं, तेवढ्यात एक ढेकर येते आणि सगळं श्रेय ओव्याला जातं. अशी श्रेयं लाटणारे ओवा, सोडा, जिरं, हिंग आपल्या घराघरांत आहेत. ओव्यावर माझा राग नाही. पण ओवा न घेता नुसतं बसून बघा, असले प्रयोगही आता घाटीत करायचे नाहीत.

आता ईसीजी. माड-पोफळीला शिपणं तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल. पाटात मधेच धोंडा पडलेला असला तरी एका माडाचं आळं भरतं, काही अडलंय असं वाटत नाही. पण एकदम दहा आळ्यांना पाणी सोडायला जा, शेवटची चार कोरडी राहतात. बाबांचा ईसीजी काढला तेव्हा ते शिबिराच्या खाटेवर शांत पडले होते, म्हणजे एकच आळं भरायचं होतं. पट्टी नॉर्मल आली, ती त्या घडीपुरती खरीच होती. घाटी चढताना काय होतं हे ती सांगू शकत नाही. दुखणं नसताना काढलेला ईसीजी सरळ आला म्हणून अंजायना नाही, असं कोणीही म्हणू नये.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय, पण शिकलो ते चुकून. तालुक्याच्या गावात दवाखाना टाकून मला सातेक वर्षं झाली असतील. एक सुतारकाम करणारे गृहस्थ आले, पन्नाशीचे. छातीच्या मधोमध तळहात ठेवून म्हणाले, ‘हय जळजळता.’ मी पोट तपासलं, ईसीजी काढला, तो साफ होता. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. नवव्या दिवशी एसटी पकडायला धावले आणि स्टँडवरच पडले. पुढे त्यांच्या भावाने सांगितलं की ते महिनाभर घरून नदीपर्यंत न थांबता जाऊच शकत नव्हते. मी कुठे दुखतं ते विचारलं होतं, कधी दुखतं ते विचारलं नव्हतं. तो तळहात मला अजून दिसतो. बोट ठेवून ‘इथेच टोचतं’ म्हणणाऱ्यापेक्षा अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. बाबा कसा हात ठेवतात?

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळेची घाई आहे. चवथ होईपर्यंत थांबायचं नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी येणारा अंजायना आणि दोन महिन्यांत चौथऱ्यावरून फणसापर्यंत खाली उतरलेला अंजायना यांत फार फरक आहे. दुसरा कधी घरात येऊन बसेल याचा नेम नसतो. या एक-दोन दिवसांत फिजिशियनला दाखवा. आणि आपल्याकडे चवथ ही काही शेवटची मुदत नसते. चवथीनंतर म्हाळ येतो, मग भातकापणी, मग दसरा-दिवाळी, मग गावची जत्रा. तोवर आंब्याला मोहोर आलेला असतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘गॅस होतो’ हा शब्द उच्चारायचा नाही. फणसाची गोष्ट सांगायची: कुठे थांबतात, किती वेळात बरं वाटतं, महिन्यापूर्वी कुठे थांबत होते. बसल्या जागी किंवा रात्री झोपेत कधी दुखलं का, हे बाबांना तुमच्यासमोर नाही तर डॉक्टरांनी एकट्यात विचारावं. पुरुष सुनेसमोर खरं सांगत नाहीत. पुन्हा ईसीजी होईल, साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडासाठी क्रिॲटिनिन बघतील, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इको करतील, ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणीही सांगतील. पुढे सीटी अँजिओग्राफी की नेहमीची अँजिओग्राफी, हे त्यावर ठरेल. सरसकट सगळ्यांना ट्रेडमिलवर पळवायचं नसतं, दुखणं वाढत असताना तर नाहीच.

आता शपथ. तुम्ही ती मोडण्या-न मोडण्याचा विचार करताय. मी जरा वेगळं विचारतो: बाबांना नक्की भीती कशाची आहे? पत्रावरून मला तरी आजाराची दिसत नाही. डोंबिवलीची दिसते. चौथ्या मजल्यावरची खोली, खाली उतरलं तर ओळखीचं कोणी नाही, आणि एकदा नेलं की ‘आता इथंच राहा’. त्यात कोणीतरी अँजिओग्राफी म्हणजे बायपास आणि बायपास म्हणजे आंब्याची कलमं विकणं, असा हिशेब कानात सांगितलेला असणार. माणूस या सगळ्याला मिळून ‘गॅस’ म्हणतो.

तर त्यांच्याशी मुलाबद्दल बोलू नका, मुंबईबद्दल बोला. तपासणी मुंबईतच करावी लागते असं काही नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालयाच्या जागी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय आहे, पलीकडे कोल्हापूर आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटायचं. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. कलमं विकायचा विषय इतक्या लवकर काढायला नको.

आणि तपासणी म्हणजे स्टेंट, हेही खरं नाही. २०२० साली ‘इस्केमिया’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण. स्थिर अंजायनाच्या रुग्णांना औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, की आधी नुसती औषधं, अशी तुलना होती. तीनेक वर्षांत मृत्यू आणि झटके यांत ठळक फरक पडला नाही. छातीतलं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. पण ताई, हे वाचून बाबा ‘बघ, मी म्हणत होतो’ म्हणतील, म्हणून लगेच सांगतो: तो अभ्यास स्थिर दुखण्याचा होता. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले त्यातून आधीच वगळले होते. ज्यांचं दुखणं दर आठवड्याला खाली सरकतंय, त्यांना त्या आकड्यांचा आधार नाही. ते कोणत्या गटात आहेत हे कळण्यासाठीच तर तपासायचं.

एवढं बोलून त्यांना दोन दिवस द्या, जास्त नाही. ‘तपासून येऊ, मग झिलाक काय सांगायचं ते तुम्हीच सांगा,’ असं म्हणा. आपल्या आजाराची बातमी आपण द्यायची की सुनेने, एवढा मान माणसाला हवा असतो. नाहीच ऐकलं, तर नवऱ्याला फोन करा. ‘गॅस होतो हे सांगू नको’ अशी शपथ त्यांनी घातली होती, आणि हा गॅस नाही. हा पळवाटेचा युक्तिवाद आहे हे मला कळतं. तरीही मी तोच करीन. एकच पथ्य: नवऱ्याला सांगताना ‘आत्ताच्या आत्ता या’ आधी म्हणू नका, काय होतं, कुठे दाखवायचं ठरवलंय, कोण सोबत आहे, या क्रमाने सांगा. लांब असलेला मुलगा घाबरला की थेट गाडी काढतो आणि बापाला उचलून नेतो. बाबांना नेमकी त्याचीच तर भीती आहे.

बीपीच्या गोळीबद्दल. बाबांची गोळी अॅम्लोडिपिन आहे असं तुम्ही लिहिलंय. ती क्रोसिनसारखी चालत नाही. रोज घेतली तर रक्तातलं तिचं प्रमाण स्थिरावायला सातेक दिवस लागतात. डोकं जड झाल्यावर एक गिळायची आणि मग पंधरा दिवस बंद, याचा उपयोग जवळपास शून्य. मुळात वाढलेल्या बीपीने बहुतेकांचं डोकं दुखतच नाही. लागेल तेव्हा घ्यायला ते काही सांगून येत नाही. ‘एकदा सुरू केली की सवय लागते’ हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. चष्मा काढल्यावर पुन्हा अंधुक दिसतं, त्याला आपण चष्म्याची सवय लागली म्हणत नाही.

पाय सुजतात म्हणून त्यांनी गोळी टाळली असेल, असाही मला संशय आहे. अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल या बीपीच्याच गोळ्या घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला येतो, त्यांनाही तेच. मनाने बंद करू नका. छातीच्या दुखण्यासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी सुरू झाली, तर ती कधीच एकदम सोडायची नाही. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खाणाऱ्या सगळ्या वाचकांना सांगतो, त्या गोळ्यांनी बीपी वाढतं.

शिबिरातलं १६८/९६ मी खोटं म्हणत नाही, पण ते कसं मोजलं असेल ते मला दिसतं. मंडपात रांग, बाबा घाटी उतरून आलेले, तोंडात तंबाखू, शर्टाची बाही वर गुंडाळून दंडाला करकचलेली. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर टेकलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. दंडाला लावायचं यंत्र घरी असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत मांडा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ आणि दवाखान्यात १४०/९० किंवा त्यावर सातत्याने येत असेल तर ते वाढलेलं. बाबांची तपासणी मात्र या सात दिवसांसाठी अडवायची नाही. गोळ्यांचा खर्च हे कारण असेल तर आरोग्य केंद्रात जा. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. महिन्याच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात.

खोबरं. बाबांच्या खिशात तंबाखू, आईंची सकाळची मशेरी, ताटात कोकमाचं आगळ, लोणचं, पावसाळ्यासाठी खारवलेला बांगडा, आणि विचार चाललाय वाटपातलं खोबरं काढायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खोबऱ्यात संतृप्त चरबी भरपूर असते, खोबरेल तेलाने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हे खरं आहे. वाटप निम्म्यावर आणा, रोजची फोडणी दुसऱ्या तेलात द्या. पण सुरुवात तंबाखूपासून. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात नुसती चघळायची तंबाखू खाणाऱ्यांनाही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. त्याच अभ्यासात आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. मशेरी ही तंबाखूच आहे, आई ‘दात घासते’ म्हणाल्या तरी.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. आगळात मीठ असतं, पापडात असतं, पेजेबरोबरच्या लोणच्याच्या फोडीत असतं. सैंधव आणलं म्हणून सुटका नाही, तेही सोडियमच. ‘कमी सोडियमचं’ मीठ पोटॅशियमवालं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. खारा बांगडा रात्री पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलंत तर थोडं मीठ जातं, पण वारंवार नकोच. अर्जुनाच्या सालीचा काढा शेजारणीने सुचवलाय म्हणता. गोळ्या बंद करून काढा, हे मला मान्य नाही. सोबत घ्यायचा तरी डॉक्टरांना सांगून.

आता तयारीचं. दुखणं बसल्या जागी आलं, पंधरा मिनिटांत थांबलं नाही, किंवा सोबत घाम, मळमळ, दम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ आली, तर विचार करत बसायचं नाही, १०८ लावायचा. मधुमेही आणि बायका यांच्यात कधी छाती दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा गळून जायला होतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटातून रक्त जाण्याचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, आणि बसवून. बीपी उतरून माणूस पडतो. बाबांना शाळेपर्यंत चालवत न्यायचं नाही. प्लॅस्टिकची हातवाली खुर्ची आणि चार माणसं. त्या चौघांची नावं आणि नंबर आजच दाराच्या मागे चिकटवा, कारण चवथ सोडून वाडीत चार तरणे हात सापडणं कठीण.

आणि गाडी मिळाली की थेट बांबोळी धरायची नाही. देवगडाकडून तिथे पोचायला तीनेक तास जातात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वांत कामाचं. जिथे ईसीजी आणि ते इंजेक्शन आहे, त्या जवळच्या रुग्णालयात आधी, पुढचा प्रवास नंतर. तुमच्या भागात ते कुठे मिळतं, हे फिजिशियनकडे जाल त्याच दिवशी विचारून घ्या.

राहिली चवथ. दरवर्षी मूर्तिकाराच्या गणपतीशाळेतून मूर्ती डोक्यावर घेऊन घाटी बाबाच चढतात, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. यंदा पुतण्याने आणावी. गणपतीवरची माटवी बांधायला शिडीवरही तोच. भजनातल्या पखवाजाचं डॉक्टरांना विचारा. नाही म्हणाले तर झांज आहे. मोदक बाबांनी खावेत, दोन, आणि खाऊन तासभर कुठेही चढू नये.

दवाखान्यात जाताना घाटी उतरून सकाळची एसटी धरलीत तरी चालेल, बाबा सावकाश आले म्हणजे झालं. परतताना मात्र रिक्षा सड्यावरून शाळेपर्यंत आणा. फणसाखाली बसायची वेळ त्या दिवशी येऊ देऊ नका.